नागपुरात रिमोट सेन्सिंग करताय? मग सोसायटीचे मेंबर व्हा, आणि असं व्हा

जिओइन्फॉर्मेटिक्स, जिऑलॉजी, भूगोल, अ‍ॅग्री, सिव्हिल, कुठूनही रिमोट सेन्सिंगच्या, म्हणजे उपग्रहातून-विमानातून घेतलेल्या इमेजवरून जमीन अभ्यासायच्या, क्षेत्रात आलेल्या पोरापोरींचा एक प्रश्न ठरलेला असतो, सोसायटीची, म्हणजे या विषयात काम करणाऱ्यांच्या संघटनेची, मेंबरशिप घेऊन फायदा काय, सर्टिफिकेट मिळतं का, नोकरीत मार्क मिळतात का. सर्टिफिकेट मिळतं, सीव्हीत एक ओळ पण वाढते, पण तेवढ्यासाठीच घ्यायची असेल तर नका घेऊ, ते पैसे एखाद्या चांगल्या हार्ड डिस्कमध्ये घाला. खरा फायदा वेगळा आहे, आणि नागपुरात राहणाऱ्याला तो जास्त आहे, म्हणून हे एवढं सविस्तर लिहितोय.

बघा, आपल्या शहरात या विषयाची केवढी ऑफिसं आहेत. अमरावती रोडवर मृदा सर्वेक्षणवाले, म्हणजे आपलं एनबीएसएस, तिकडेच इस्रोचं रीजनल रिमोट सेन्सिंग सेंटर, त्याच रोडवर संत्र्याचं केंद्र. व्हीएनआयटीच्या आवारात एमआरसॅक, म्हणजे राज्याचं रिमोट सेन्सिंग केंद्र. सेमिनरी हिल्सला भूगर्भ सर्वेक्षणवाले जीएसआय, वर्धा रोडला कापूसवाले, शिवाय पर्यावरणवाली नीरी, इंडियन ब्युरो ऑफ माइन्स, भूजलवाले, कोळसावाले. दुसऱ्या कुठल्या शहरात एवढं सगळं अर्ध्या-पाऊण तासाच्या गाडीच्या अंतरात सापडणं कठीण आहे. आणि हे सगळे बघतात एकच जमीन, विदर्भाची, पण प्रत्येकाचा प्रोजेक्ट वेगळा, फाइल वेगळी, गेट वेगळं आणि गेटवर सिक्युरिटी. कॉलेजमधलं पोरगं उठून आत जाऊन मातीच्या शास्त्रज्ञाला "सर, माझ्या इमेजमध्ये हा काळा पट्टा कशाचा" असं विचारू शकत नाही, पास कोण देणार त्याला. सोसायटीच्या लेक्चरला मात्र तोच शास्त्रज्ञ बाजूच्या खुर्चीवर बसलेला असतो, हातात चहाचा कप असतो आणि बोलायच्या मूडमध्ये असतो. मेंबरशिप म्हणजे माझ्या मते हे आहे, बाकी सगळं नंतर.

एक उदाहरण देतो म्हणजे कळेल. एका पोरीने काटोल-नरखेड भागातल्या संत्र्याच्या बागांवर काम केलं होतं, सेंटिनेल-२ या युरोपच्या उपग्रहाचा डेटा घेऊन वर्षभराचा एनडीव्हीआय, म्हणजे झाडांचा हिरवेपणा सांगणारा आकडा, काढला, ग्राफ एकदम सुंदर, आणि डिसेंबर-जानेवारीत काही बागांचा आकडा खाली येतो म्हणून तिने त्या बागा रोगट म्हणून लाल रंगवल्या. सोसायटीच्या कार्यक्रमात तिच्या पोस्टरपुढे एक जुने फळबागवाले सर थांबले, ग्राफवर बोट ठेवलं आणि म्हणाले, अगं बाई, ही बाग ताणावर सोडलीय. म्हणजे आंबिया बहार घ्यायचा असला की शेतकरी मुद्दाम पाणी तोडतो, झाड थोडं सुकतं, पानं गळतात, आणि मग पाणी दिलं की फुलोरा येतो. मृग बहार घ्यायचा असेल तर हाच ताण उन्हाळ्यात, मे महिन्यात. आता सांगा, हे कुठल्या सॉफ्टवेअरच्या मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं? आणि जमिनीवर पण एकसारखं नाही, हलक्या जमिनीत ताण लवकर बसतो, भारी काळ्या जमिनीत ओल टिकते म्हणून उशिरा बसतो, हे तिला बाजूला उभ्या असलेल्या मातीवाल्या मॅडमने सांगितलं. पंधरा मिनिटांत तिच्या थिसिसचं एक आख्खं प्रकरण बदललं, आणि चांगलं झालं. तिने लाल रंगवलेल्या बागांतल्या बऱ्याचशा तर सगळ्यात निगुतीने सांभाळलेल्या बागा निघाल्या.

गंमत म्हणजे आपल्या देशात रिमोट सेन्सिंगची सुरुवातच अशी झाडाच्या रोगापासून झालेली आहे. १९७० च्या आसपास पी. आर. पिशारोटी या शास्त्रज्ञांच्या टीमने केरळमध्ये नारळाच्या झाडांवर हवेतून इन्फ्रारेड फोटो घेऊन रोगट झाडं ओळखायचा प्रयोग केला होता, आणि तेव्हाही खाली जाऊन झाड बघणारा माणूस सोबत लागलाच होता. आजही लागतो.

आता कोणती सोसायटी घ्यायची ते बोलू.

आपल्याकडची मुख्य म्हणजे इंडियन सोसायटी ऑफ रिमोट सेन्सिंग, सगळे आयएसआरएस म्हणतात. १९६९ ची आहे, म्हणजे पहिला लँडसॅट, अमेरिकेचा जमीन बघणारा उपग्रह, १९७२ ला वर गेला त्याच्याही आधीची. मुख्य ऑफिस डेहराडूनला, आयआयआरएस या इस्रोच्या रिमोट सेन्सिंग शिकवणाऱ्या संस्थेत. देशभर चॅप्टर, म्हणजे स्थानिक शाखा, आहेत आणि नागपूर चॅप्टर पण आहे. यांचं जर्नल आधी फोटोनिर्वाचक नावाने निघायचं, आता जर्नल ऑफ द इंडियन सोसायटी ऑफ रिमोट सेन्सिंग म्हणून स्प्रिंगर छापतं. नागपुरात असाल तर पहिली मेंबरशिप हीच घ्या, यात मला काहीच शंका नाही, कारण बाकीच्या सगळ्या सोसायट्या कागदावर कितीही मोठ्या असल्या तरी चालत जाऊन गाठता येतील अशी माणसं तुम्हाला इथेच मिळणार.

दुसरी इंडियन सोसायटी ऑफ जिओमॅटिक्स, १९९३ ची, अहमदाबादची. तुमचं काम जीआयएस, जीपीएस, नकाशे, डेटाबेस या बाजूला जास्त झुकत असेल तर ही पण बघा, आणि या दोघांची वार्षिक परिषद बरेचदा एकत्रच होते, त्यामुळे एकाच प्रवासात दोन्हीकडची माणसं भेटतात. निव्वळ नकाशाशास्त्रात असाल तर हैदराबादची इन्का, म्हणजे इंडियन नॅशनल कार्टोग्राफिक असोसिएशन, आहे, १९७९ पासूनची.

बाहेरच्यांमध्ये जीआरएसएस, म्हणजे आयट्रिपलई या इंजिनिअरांच्या जागतिक संघटनेची रिमोट सेन्सिंगची सोसायटी. रडार, सिग्नल, डीप लर्निंग, अल्गोरिदम असं काम असेल तरच घ्या, कारण ती मंडळी इंजिनिअरिंगच्या भाषेत बोलतात. विद्यार्थ्यांना बऱ्याच कमी पैशात पडते, पण लक्षात ठेवा की त्यांचं वर्ष कॅलेंडरप्रमाणे डिसेंबरअखेर संपतं, त्यामुळे एप्रिल-मेमध्ये पैसे भरताना कुठपर्यंतची मेंबरशिप मिळतेय ते पाहून भरा. जुलैत घाई करण्यापेक्षा ऑगस्टचा मध्य उलटल्यावर भरलं तर साधारण पुढच्या वर्षअखेरपर्यंत चालते.

आणि आयएसपीआरएस, म्हणजे इंटरनॅशनल सोसायटी फॉर फोटोग्रामेट्री अँड रिमोट सेन्सिंग, १९१० पासूनची, जगभरातल्या राष्ट्रीय सोसायट्यांची मिळून झालेली संस्था. भारताकडून त्यात आयएसआरएस आहे, म्हणजे तुम्ही आपल्याकडे मेंबर झालात की त्या घरात आडवाटेने पाय पडलाच. विद्यार्थ्यांसाठी त्यांचं वेगळं स्टुडंट कन्सॉर्शियम आहे, २००४ पासून चालू आहे, फुकट आहे, समर स्कूलच्या बातम्या तिथे येतात. फुकट आहे म्हटल्यावर थांबायचं कशाला, आजच नाव घालून टाका.

सगळ्या घेऊ नका मात्र. पहिल्या वर्षी एक, फार तर सोबत ते फुकटवालं.

स्टुडंट घ्यायची का लाइफ, हा पण नेहमीचा प्रश्न. एमएससी करताय आणि पुढे याच क्षेत्रात राहायचं की नाही हे पक्कं नाही, तर स्टुडंट. पीएचडीला लागलात किंवा एमआरसॅक, एनबीएसएस, एखाद्या खासगी सर्व्हे कंपनीत नोकरी लागली तर लाइफ घेऊन मोकळे व्हा, एकदाच खर्च होतो आणि दरवर्षी रिन्यूअलची कटकट नाही. फी बदलत राहते, त्यामुळे सिनिअरने सांगितलेल्या आकड्यावर जाऊ नका, सोसायटीच्या स्वतःच्या साइटवर आत्ताचा आकडा बघूनच भरा.

फॉर्म भरताना एवढं करा. पासपोर्ट साइज फोटो, डिग्रीची शेवटची मार्कशीट, ओळखपत्र आणि विद्यार्थी असाल तर एचओडीच्या सहीचं बोनाफाइड, हे सगळं आधी स्कॅन करून एका फोल्डरमध्ये ठेवा, फाइलला नाव नीट द्या, स्कॅन००१ असं नाही. विषयाच्या रकान्यात नुसतं "आरएस अँड जीआयएस" लिहू नका, तुमचं खरं काम लिहा, जसं की कापूस-तूर आंतरपीक ओळखणं, कोळसा खाणीतल्या आगी, भूजल, तलावातलं शेवाळ, कारण चॅप्टरवाल्यांना कुणाला कुठल्या लेक्चरला बोलवायचं ते तिथूनच कळतं. पत्ता नागपूरचा द्या, गावचा नको. मग पैसे ऑनलाइन भरा आणि ट्रान्झॅक्शन नंबर दिसतोय असा स्क्रीनशॉट लगेच सेव्ह करा, नंतर सापडत नाही. सोसायटीची ऑफिसं बहुतेक ठिकाणी शास्त्रज्ञच आपली नोकरी सांभाळून चालवतात, तिथे काही पंचवीस माणसांचा स्टाफ बसलेला नाही, त्यामुळे उत्तराला वेळ लागतो. तीन-चार आठवडे काहीच आलं नाही तर त्याच मेलला रिप्लाय करून नाव, तारीख, ट्रान्झॅक्शन नंबर एवढ्याच तीन ओळी नम्रपणे टाका, लांबलचक पत्र नको. मेंबरशिप नंबर आला की नागपूर चॅप्टरच्या सेक्रेटरीला वेगळा मेल करा की मी नवीन मेंबर, हे माझं काम, कार्यक्रम असला की कळवा, आणि काही मदत लागली तर मी येईन. हा शेवटचा मेल बरेच जण करत नाहीत आणि मग म्हणतात आम्हाला काही कळवतच नाहीत.

एक सावधगिरी पण सांगून ठेवतो. तुमचा एक पेपर कुठे छापला गेला की मेलबॉक्समध्ये भारदस्त नावाच्या सोसायट्यांची आणि परिषदांची रांग लागते, आदरणीय प्रोफेसर म्हणून सुरुवात, तुम्ही अजून एमएससीच्या दुसऱ्या वर्षाला, आणि मानद फेलोशिप देतो पण आधी पैसे भरा. खरी सोसायटी ओळखायची सोपी रीत आहे. पदाधिकारी कोण, ते निवडून आलेत का, कुठल्या संस्थेत नोकरी करतात, मागच्या परिषदा कुठे झाल्या आणि त्यांचे पेपर उघडून वाचता येतात का, जर्नल कोण छापतं. हे प्रश्न विचारा. शंका आली तर चॅप्टरमधल्या कुणाही सिनिअरला तो मेल दाखवा, एका मिनिटात सांगतील.

मेंबर झाल्यावर पहिलं वर्ष कसं काढायचं, खरं महत्त्वाचं तर ते आहे.

पहिली गोष्ट, जा. लेक्चर तुमच्या विषयाचं नसलं तरी जा. १२ ऑगस्टला विक्रम साराभाईंच्या जयंतीला राष्ट्रीय रिमोट सेन्सिंग दिन असतो, त्याच्या आसपास कार्यक्रम असतात, शाळा-कॉलेजच्या स्पर्धा असतात, तिथे हाताशी माणसं कमीच पडतात. रजिस्ट्रेशनच्या टेबलवर बसायचं काम मागून घ्या. मी हे मनापासून सांगतोय, येणाऱ्या प्रत्येक माणसाचं नाव, ऑफिस आणि चेहरा तिथे कळतो, आणि त्यालाही तुमचं तोंड लक्षात राहतं, जे मागच्या रांगेत बसून कधीच होत नाही.

दुसरी गोष्ट, प्रश्न घेऊन जा, आणि प्रश्न छोटा ठेवा. "सर, मला मार्गदर्शन करा" या वाक्याला कुणाकडेच उत्तर नसतं. त्यापेक्षा लॅपटॉपवर किंवा कागदावर एक इमेज न्या आणि विचारा, ऑक्टोबरमध्ये सोयाबीन निघून जातं पण कापूस हिरवाच राहतो, तरी माझ्या नकाशात ही दोन पिकं एकमेकांत का मिसळतायत. मग कापूसवाला तुम्हाला सांगेल की अधेमधे तुरीच्या ओळी आहेत आणि तूर पार जानेवारीपर्यंत उभी असते, १० मीटरच्या पिक्सेलमध्ये दोन्ही एकत्रच येणार, आणि जुलै-ऑगस्टमध्ये तर ढगांमुळे तुमच्याकडे इमेजच नसेल, तेव्हा ढगातून दिसणाऱ्या रडार उपग्रहाचा डेटा जोडून बघा. हे उत्तर तुमच्या गाइडला माहीत असेलच असं नाही, त्यात गाइडचा काही दोष नाही, एक माणूस कापूस आणि रडार दोन्ही कुठून जाणणार.

रडारचं निघालंच आहे तर २३ सप्टेंबर २०२३ चं उदाहरण घ्या. पहाटे पाऊस कोसळला, अंबाझरी भरून वाहिला, नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी घुसलं, आपल्या सगळ्यांना आठवतंय. पुढे कितीतरी पोरांना वाटलं की सेंटिनेल-१ या रडार उपग्रहाचा डेटा उतरवायचा आणि पुराचा नकाशा करायचा, ढगातून दिसतं नं रडारला. दिसतं. पण तेव्हा सेंटिनेल-१ चा एकच उपग्रह चालू होता, दुसरा डिसेंबर २०२१ मध्येच बंद पडलेला, म्हणजे त्याच ट्रॅकवर परत यायला १२ दिवस, आणि शहरातलं पाणी काही तासांत ओसरून जातं. शिवाय इमारतींच्या मधलं पाणी रडारमध्ये काळंच दिसेल असं नसतं, पाण्यावरून भिंतीवर आणि भिंतीवरून परत सेन्सरकडे सिग्नल गेला की ती जागा उलट उजळ दिसते. हे ज्याला माहीत आहे तो तुम्हाला पहिल्याच भेटीत सांगेल की बाबा, इमेजची तारीख-वेळ आधी बघ, आणि नाही जुळत तर डीईएम, म्हणजे जमिनीच्या उंचीचा नकाशा, घे, नाल्यांची रुंदी घे, घराघरांच्या भिंतींवर पाण्याची रेघ उमटली ती मोजून आण, त्यातून नकाशा कर. एवढं एक वाक्य वेळेवर कानावर पडलं तर सेमिस्टर वाचतं, राजेहो.

आणि आत्ता मेंबर व्हायला एक खास कारण आहे. निसार, म्हणजे नासा-इस्रोचा रडार उपग्रह, ३० जुलै २०२५ ला श्रीहरिकोट्याहून गेला, एल आणि एस असे रडारचे दोन बँड, दर १२ दिवसांनी तीच जमीन. हा डेटा हाताळण्यात सिनिअर-ज्युनिअर सगळे जवळपास एकाच रेषेवर उभे आहेत, प्राध्यापक पण शिकतायत आणि विद्यार्थी पण. कापसाच्या शेतावर एस बँड कसा वागतो, काळी माती ओली असताना आणि भेगाळलेली असताना काय फरक दिसतो, असल्या गोष्टी पेपरमध्ये यायला दोन वर्षं लागतात, सेमिनारच्या चर्चेत मात्र त्या आधी येतात.

जर्नल वाचायची सवय लावा, दर अंकातून विदर्भासारख्या भागावरचा, म्हणजे काळी माती, कोरडवाहू, पानगळीचं जंगल, असा एक तरी पेपर काढून पद्धतीचा भाग नीट वाचा. तुमचा पेपर पाठवायचा असेल तर आधी चॅप्टरमध्ये बोलून दाखवा, दहा मिनिटांचं प्रेझेंटेशन द्या म्हणा, सहसा लगेच तयार होतात. तिथे जे प्रश्न येतात, ग्राउंड ट्रुथचे, म्हणजे शेतात जाऊन तपासलेले, पॉइंट किती आणि कोणत्या महिन्यात घेतले, कॉम्प्युटरला शिकवायचे (ट्रेनिंग) आणि निकाल तपासायचे (टेस्ट) पॉइंट एकाच शेतातले तर नाहीत नं, हेच प्रश्न पुढे रिव्ह्यूअर विचारतो. वार्षिक परिषदेत विद्यार्थी मेंबरला रजिस्ट्रेशनला सवलत असते, आणि तरुण शास्त्रज्ञांसाठी पुरस्कार असतात त्यांचे अर्ज बघून ठेवा. परिषद लांबच्या शहरात असेल तर ट्रेनचं रिझर्वेशन पेपर स्वीकारल्याचा मेल आला की त्याच दिवशी करा.

नोकरीचं पण स्पष्ट बोलतो. सोसायटी नोकरी देत नाही. पण आपल्याकडच्या बऱ्याच जागा प्रोजेक्टवरच्या असतात, जेआरएफ, प्रोजेक्ट असोसिएट, अकरा महिन्यांचा करार, वॉक-इनची नोटीस कुठल्यातरी साइटच्या कोपऱ्यात लागते आणि आठ दिवसांत तारीख संपते. चॅप्टरमध्ये उठबस असली की ती नोटीस तुमच्यापर्यंत वेळेत पोहोचते, आणि मुलाखतीत समोर बसलेल्याने तुमचं काम आधी एकदा तरी पाहिलेलं असतं. आणि कराराच्या नोकरीत जे आहेत त्यांना तर मी जास्तच सांगेन, ऑफिस बदलतं, प्रोजेक्ट संपतो, मेल आयडी बंद होतो, मेंबरशिप तुमच्या स्वतःच्या नावावर राहते. ज्यांनी दहा-बारा वर्षं कंत्राटावर राहून जिल्ह्याजिल्ह्याचे नकाशे केले त्यांचं नाव नकाशावर कुठेच नसतं, त्यांना आपलं काम आपल्या नावाने मांडायला जागा पाहिजेच.

काही गोष्टींसाठी मात्र मेंबरशिपवर अवलंबून राहू नका. सेंटिनेल, लँडसॅट फुकट आहेत. इस्रोच्या एनआरएससीच्या भूनिधी या साइटवर आपल्या उपग्रहांचा बराच डेटा रजिस्टर करून घेता येतो. आयआयआरएसचे ऑनलाइन आउटरीच कोर्स कुणालाही करता येतात, आणि गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूरच्या कॉलेजातल्या पोरांनी तर ते आधी करावेत, मग मेंबर व्हावं. त्या पोरांसाठी अजून एक, दर लेक्चरला नागपूरला येणं परवडत नाही हे मान्य, पण वर्षातून एक-दोनदा मोठा कार्यक्रम बघून या, आणि चॅप्टरला सांगा की एक लेक्चर आमच्या कॉलेजात ठेवा, हॉल आणि प्रोजेक्टर आम्ही देतो. प्राचार्यांचं पत्र जोडलं तर काम लवकर होतं. तिकडचं जंगल, तिकडचे मामा (माजी मालगुजारी) तलाव, तिकडची भातशेती यावर काम करणाऱ्यांना पण तिथे यायचंच असतं, त्यांना कुणी बोलवत नाही एवढंच.

नागपूर सुटलं, डेहराडून, हैदराबाद, अहमदाबाद कुठेही गेलात, तर सोसायटीला नवा पत्ता आणि नवा मेल कळवा आणि तिथल्या चॅप्टरच्या सेक्रेटरीला तोच ओळखीचा मेल परत टाका. मेंबरशिप नंबर तोच राहतो. कॉलेजच्या मेल आयडीवर रजिस्टर केलं असेल तर डिग्री हातात पडायच्या आधीच तो बदलून घ्या, कारण तो आयडी बंद झाला की सगळ्या सूचना तिथेच जाऊन पडतात आणि तुम्हाला वाटतं सोसायटी गप्प आहे.